मोबाईलला लावायचा पाइप-कॅमेरा: पळालेला बेडूक शोधायला घेतला, ५ पैकी साडेतीन

साडेतीन स्टार. दीड का कापला ते खाली येईलच, पण आधी हे सांगते की बनवणाऱ्याने ही वस्तू गाडीच्या इंजिनात आणि तुंबलेल्या पाइपात डोकवायला बनवलीय आणि मी घेतली ती घरात हरवलेला बेडूक शोधायला, त्यामुळे माझ्या काही तक्रारी त्या बिचाऱ्याला अन्याय वाटतील, पण पैसे मी मोजलेत तर माझ्या कामाच्या हिशोबानेच बोलणार ना.

वस्तू म्हणजे एक काळी केबल, एका टोकाला साधारण ८ मिमी जाडीचा कॅमेरा, त्याच्याभोवती गोल बारके एलईडी, दुसऱ्या टोकाला टाइप-सी पिन जी मोबाईलात घुसते, आणि मधे लाइट कमीजास्त करायचं एक छोटं चाक. सोबत एका पुडीत हुक, चुंबक आणि तिरका आरसा येतो. गॅरेजवाले बोअरस्कोप म्हणतात, ऑनलाइन एंडोस्कोप कॅमेरा म्हणून शोधलं की ढिगाने सापडतील, सगळे दिसायला सारखेच आणि नावं प्रत्येकाची वेगळी. मी म्हापशाच्या बाजारात हत्यारं विकणाऱ्या एका दुकानातून घेतला, हजाराच्या थोडं वर पडला, ऑनलाइन स्वस्त मिळतो पण पावसात डिचोलीला पार्सल कधी पोचेल याचा भरवसा नाही आणि मला थांबायला वेळ नव्हता. दुकानदाराने विचारलं गाडी खंयची, मी म्हटलं गाडी नाही हो, बेडूक. त्याने एक शब्द न बोलता बिल केलं, गोव्यात जुलै महिन्यात कोणी काय शोधतं याचं कोणाला काही वाटत नाही बहुतेक.

बेडूक कोणाचा तर भाच्याचा. तो पुण्याला शिकायला गेला आणि बेडूक, टँक, झुरळांचा डबा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक सूचना असं सगळं मामीच्या गळ्यात. जात व्हाइट्स ट्री फ्रॉग, मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा, हौशी लोक डम्पी म्हणतात कारण अंगाने चांगलाच गुबगुबीत असतो, वाढला की १० सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि नीट सांभाळला तर १५ वर्षं सहज जगतो म्हणजे भाच्याचं लग्न होऊन पोरं शाळेत जाईपर्यंत हा इथेच. नाव पात्रांव, म्हणजे आमच्या गोव्यात मालक, साहेब. दिवसभर डोळे मिटून बसायचं, रात्री उठून जेवायचं आणि मिक्सर लावला की ओरडायचं, नाव अगदी बरोबर ठेवलंय.

पळाला कसा, तर टँकच्या वरच्या जाळीची चौकट बनवणाऱ्याने दोनच प्लास्टिकच्या क्लिपांवर बसवलेली आणि त्यातली एक तुटली. ट्री फ्रॉगच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या असतात, उभी काच त्याला आपल्याला जिना तशी, वर जाऊन डोक्याने ढकललं असणार आणि जाळीचा कोपरा उचलला गेला. ज्यांच्याकडे असा प्राणी आहे त्यांनी काचेची जाडी, एलईडी, मागचं थर्माकोलचं खडकाचं चित्र हे सगळं नंतर बघा, आधी जाळी बोटाने वर ढकलून बघा. बोट जिथे फट करू शकतं तिथून बेडूक जाऊ शकतो, त्याचं अंग इतकं मऊ की डोकं गेलं की बाकीचा सगळा मागोमाग जातो.

आता कॅमेऱ्याचा नेमका उपयोग काय ते सांगते कारण त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितेय. बेडूक हरवला की घरातले सगळे पहिली गोष्ट काय करतात? फ्रिज सरकवतात. सोफा उचलतात. कपाट ओढतात. आमच्याकडे नवरा बाह्या सरसावून फ्रिजला हात घालायला निघालाच होता आणि फोनवरून भाचा ओरडला, मामा हात लावू नको, तो मागे असला तर चिरडेल. आणि खरंच आहे, हरवलेले बेडूक उपाशी मरण्याआधी फर्निचरखाली आणि दारात चेंगरून मरण्याचीच भीती जास्त, कारण हा प्राणी दिवसा कुठेतरी फटीत अंग चोरून बसतो आणि धोका वाटला की पळण्याऐवजी अजून आत सरकतो. म्हणजे सरकवायच्या आधी बघणं महत्त्वाचं. आणि फ्रिजच्या मागे डोकं घालून बघता येत नाही, टॉर्च मारली तरी सरळ रेषेतलं तेवढंच दिसतं. इथे हा पाइप कामाला येतो. तो बेडूक शोधून देत नाही हे लक्षात घ्या, तो फक्त सांगतो की इथे नाहीये, बिनधास्त सरकवा. माझ्या मते हजार रुपये त्या एका वाक्याचे आहेत.

कॅमेरा हातात यायच्या आधी जे करायचं ते आम्ही केलं होतं आणि ते कोणत्याही कॅमेऱ्याशिवाय करायलाच हवं. बाहेरची दारं बंद, खोल्यांच्या दारांखाली ओले टॉवेल, मोरीच्या आणि बाथरूमच्या जाळ्या जागेवर, कमोडचं झाकण खाली. पंखे बंद, कारण हा भिंतीवर चढणारा बेडूक आहे, कुठे बसलेला असेल नेम नाही. डासांची मशिनं बंद, कासव छाप वगैरे काही नाही, फिनेलने पुसणं बंद, झुरळांचा स्प्रे तर घराबाहेर काढून ठेवला, कारण बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीतून ओढून घेतो, म्हणजे फरशीवर जे काही असेल ते सगळं त्याच्या अंगात. केर काढणं पण थांबवलं, सासूबाईंना हे सगळ्यात जड गेलं. आणि प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात पसरट ताटलीत थोडं विहिरीचं पाणी आणि शेजारी ओलं फडकं. नळाचं पाणी नको कारण त्यात क्लोरीन असतं, ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांनी अ‍ॅक्वेरियमवाल्यांकडे क्लोरीन काढायचे थेंब मिळतात ते टाकावेत. पीठ पसरून पावलांचे ठसे बघा असा सल्ला एकाने दिला, तो मात्र मानू नका, ओल्या कातडीला कोरडं पीठ चिकटलं तर त्याचं काय होईल विचार करा.

एका बाबतीत गोव्याचा पाऊस आपल्या बाजूने असतो. एप्रिल-मेमधे एसीच्या खोलीत बेडूक सुटला तर तो सुकायला फार वेळ लागत नाही, पण जुलैमधे इथे भिंतींनाच पाणी सुटलेलं असतं, चपलांना बुरशी येते, त्यामुळे त्याच्याकडे वेळ असतो आणि म्हणून तुमच्याकडे पण. घाईने घर उलटंपालटं करू नका. मुंग्यांवर मात्र लक्ष ठेवा, अचानक कुठे मुंग्यांची रांग लागली तर तिथे आधी बघा, हे लिहायला बरं वाटत नाही पण उपयोगाचं आहे.

पहिल्या रात्री सगळे दिवे घालवून टॉर्च घेऊन शोधलं. ही पद्धत बरोबरच आहे, निशाचर प्राणी आहे, रात्री स्वतःहून बाहेर पडतो आणि टॉर्चमधे डोळे चमकतात. आणि डोळे चमकले पण! बाथरूममधून नवऱ्याची आरोळी, सापडला सापडला. जाऊन बघते तर गिझरच्या पाइपावर एक तपकिरी बेडूक. आता गंमत अशी की पात्रांव पण घाबरला किंवा अंधारात फार वेळ राहिला की हिरव्याचा तपकिरी होतो, त्यामुळे नवऱ्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण हा सडपातळ, लांब टांगांचा, आणि उडी मारताना मांडीच्या मागे पिवळे ठिपके दिसले, म्हणजे हा आपला इथलाच, दर पावसाळ्यात बाथरूममधे पाहुणा म्हणून येणारा. आमच्यावाल्याच्या कानाच्या वर जाड घडी असते आणि मांडीवर असले ठिपके नाहीत. त्याला आहे तिथेच राहू दिलं, खिडकीच्या जाळीतून आला तसा गेला. सगळी शोधाशोध आणि वर त्याच्या जागी दुसराच पकडून टँकमधे टाकला असता तर ते नुसतं हसं नाही, इथल्या काही बेडकांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि बुलफ्रॉगसाठी तर वनखातं दर पावसाळ्यात इशारे देत असतं.

त्यावरून आठवलं, शेजारचे काका छत्री घेऊन चौकशीला आले आणि पहिलं वाक्य काय, अगो बाहेर गेला असला तर आता कोणाच्या तरी तव्यावर असेल. जंपिंग चिकन, म्हणजे बेडकाचं मांस, हा विषय गोव्यात पहिला पाऊस पडला की निघतोच, बंदी असूनही लोक टॉर्च घेऊन शेतात उतरतात, एकेकाळी आपल्या देशातून बेडकांच्या टांगा जहाजं भरून परदेशी जायच्या आणि १९८७ ला ती निर्यात बंद केली तरी जिभेची सवय जात नाही. सासूबाईंनी काकांना चहा दिला नाही.

बाहेर जाऊ द्यायचा नाही याला आणखी एक कारण आहे आणि ते काकांच्या तव्यापेक्षा मोठं आहे. पाळीव परदेशी बेडकांसोबत कातडीची एक बुरशी पसरू शकते, कायट्रिड म्हणतात, तिने जगभरात बेडकांच्या शेकडो जातींची वाट लावलीय. आमच्यापासून सत्तरी तालुका म्हणजे हाकेच्या अंतरावर, तिकडे म्हादईचं अभयारण्य, आणि गोमांतकी, गोयंची अशी नावं मिळालेले बेडूक याच मातीतले, एकाची नोंद २०१५ ची आणि दुसऱ्याची २०१८ ची, म्हणजे आत्ता कुठे जगाला कळलेले. त्यांच्यात आपला ऑस्ट्रेलियन पाहुणा सोडायचा नाही. कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडून देणारे पण असतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

आवाजाचं पण सांगते. नर असला की ओरडतो आणि दुसऱ्याचं ओरडणं ऐकलं की उत्तर देतो, म्हणून भाच्याने रेकॉर्डिंग पाठवलं, ते मोबाईलवर लावलं, आणि बाहेर शेतात आधीच इतका कल्लोळ चाललेला की त्यात आमचा एक क्रॉक कुठला ओळखणार. नंतर एका रात्री पाऊस थोडा ओसरल्यावर सासूबाई मिक्सर लावून बसल्या, चटणी करायची नव्हती, नुसताच रिकामा फिरवला, आणि खरंच कुठूनतरी घुमल्यासारखा आवाज आला. त्या म्हणाल्या फ्रिजमागून, नवरा म्हणाला वरच्या माळ्यावरून, मला वाटलं बाथरूमकडून. पोकळ जागेत बसून ओरडलं की आवाज मोठा होतो आणि दिशा कळत नाही, ऑस्ट्रेलियात हेच बेडूक पागोळीच्या पाइपात आणि पाण्याच्या टाक्यांत बसून ओरडतात ते त्यामुळेच. पण निदान जिवंत आहे आणि स्वयंपाकघराच्या बाजूला आहे एवढं कळलं, आणि दुसऱ्या दिवशी मी म्हापशाची बस धरली.

तर आता कॅमेरा चालवण्याचा अनुभव. सुरुवात फ्रिजपासून, कारण मागे खाली कॉम्प्रेसरजवळ पाणी साठायचा ट्रे असतो, ऊब आणि ओल दोन्ही एका जागी, बेडकाला आणखी काय पाहिजे. ट्रेमधे पाणी, धूळ, एक बाटलीचं बूच आणि एक पाल जिने कॅमेऱ्याकडे इतक्या जवळून बघितलं की माझा मोबाईल हातातून सुटता सुटता राहिला. बेडूक नाही. मग फ्रिज सरकवला. वॉशिंग मशिनखाली, सोफ्याच्या खालच्या फाटक्या कापडातून आत, पडद्याच्या वरच्या पट्टीमागे, पाण्याच्या फिल्टरमागे, कमोडच्या फ्लशच्या टाकीत, टाकी विसरू नका, यांना फ्लशची टाकी फार आवडते. सगळीकडे नाही. पण प्रत्येक ठिकाणी नाही हे खात्रीने कळत होतं आणि तेवढी तेवढी जागा मोकळी करून केर काढता येत होता म्हणून सासूबाईंचा पण कॅमेऱ्यावर विश्वास बसायला लागला.

सापडला सिंकच्या खाली. म्हणजे सिंकखालचं कपाट आम्ही उघडून बघितलेलंच होतं, डबे काढून, टॉर्च मारून, काही नव्हतं. पण सांडपाण्याचा पाइप मागच्या प्लायमधून जिथे आत जातो तिथे सुताराने पाइपापेक्षा बरंच मोठं भोक पाडून ठेवलेलं असतं, सगळ्या मॉड्युलर किचनमधे असतं, तुमच्याकडे पण असेल बघा. त्या भोकातून केबल आत घातली, भिंत आणि प्लायच्या मधली पोकळी, ओलसर भिंत, कोळ्याची जाळी, पाइपाचा वळलेला सांधा, आणि सांध्यावर एक चकचकीत उंचवटा. मला वाटलं प्लंबरने लावलेला एमसीलचा गोळा. रंग पण तसलाच, राखाडी-तपकिरी. केबल तिथेच धरून ठेवली आणि तो गोळा हलायला लागला, म्हणजे अख्खा नाही, खालचा भाग वरखाली वरखाली. बेडूक गळा हलवून श्वास घेतो ना, ते. हे लक्षात ठेवा कोणी कॅमेऱ्याने शोधत असेल तर, अशा चित्रात रंगावर जाऊ नका, आकारावर जाऊ नका, कुठेही गोलसर काही दिसलं की केबल स्थिर धरा आणि गळा हलतो का बघा. डोळा नंतर दिसला, आडवी बाहुली, आणि चेहऱ्यावर नेहमीचीच नाराजी.

बाहेर काढायला हुक वापरायचा नाही हे सांगायला लागू नये पण पुडीत हुक असतो आणि घरात उत्साही माणसं असतात. कॅमेऱ्याचा खरा फायदा इथे पुन्हा झाला, सुतार फोनवर म्हणत होता अख्खी ट्रॉली खोलायला लागेल, पण नेमका कुठे बसलाय ते दिसत असल्यामुळे नुसती खालची आडवी पट्टी आणि मागच्या प्लायचा एक तुकडा काढून काम झालं, आणि स्क्रू काढताना एकजण कॅमेऱ्यावर नजर ठेवून होता की हा सरकला का, सरकला की थांबायचं. एलईडी कमी करून ठेवा त्या वेळी, डोळ्यात प्रखर लाइट गेला की तो आत सरकतो, आणि लाइट बराच वेळ चालू राहिला की कॅमेऱ्याचं टोक चांगलं गरम होतं, अंगाला टेकवू नका. हात विहिरीच्या पाण्याने ओले करून, साबण नाही, सॅनिटायझर नाही, डासांचं क्रीम लावलेलं नाही, अशा हाताने उचलला. हातात आल्या आल्या त्याने माझ्या मनगटावर मुतून घेतलं, म्हणजे तब्येत ठीक होती आणि अंगात पाणी होतं.

अंगभर धूळ आणि जाळी. पसरट भांड्यात हनुवटीपर्यंतच येईल एवढं, घरातल्या हवेइतकंच कोमट पाणी, त्यात बसवून ठेवला, हळूहळू सगळं आपोआप सुटलं. बोटांभोवती केस किंवा दोरा गुंडाळलाय का ते नीट बघा, कॅमेऱ्यात न दिसणारी आणि नंतर बोट सडवणारी गोष्ट ती. मग ओला टिश्यू घातलेल्या भोकांच्या डब्यात एकटाच, काही दिवस काही खाल्लं नाही, कात टाकली आणि ती मात्र खाल्ली, त्यानंतर झुरळावर आला.

आता दीड स्टार कुठे गेला. खोक्यावर मोठ्या अक्षरात १०८०पी लिहिलंय, चित्र मात्र ६४० बाय ४८० चंच वाटतं, बटाट्यावर काढल्यासारखं, हे या किमतीत जवळजवळ सगळ्यांचंच रडगाणं आहे म्हणून अर्धाच कापला. दुसरं म्हणजे फोकस ठरलेला असतो, साधारण चार बोटांच्या अंतरावर स्पष्ट, त्याच्या आत किंवा बाहेर गेलं की धुरकट, आणि पोकळीत अंतर कळत नाही त्यामुळे सतत पुढेमागे करत बसायचं. तिसरं आणि सगळ्यात वैताग आणणारं, केबलला पीळ पडला की चित्र फिरतं, वर म्हणजे खाली आणि डावं म्हणजे उजवं, वरची बाजू दाखवणारी काही खूण नाही, मी केबलवर टोकाजवळ पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला म्हणून निभावलं. ॲपबद्दल तर न बोललेलं बरं, खोक्यावरच्या क्यूआर कोडवरून उतरवलेलं ॲप लोकेशन मागतं, कॉन्टॅक्ट मागतं, दर थोड्या वेळाने जाहिरात दाखवतं, आणि बेडूक समोर श्वास घेतोय आणि वर रमीची जाहिरात. ते काढून टाका, यूएसबी कॅमेरा चालवणारं कुठलंही साधं ॲप चालतं. काही मोबाईलमधे ओटीजी, म्हणजे पिनला बाहेरची वस्तू जोडायची सोय, सेटिंगमधे जाऊन चालू करावी लागते, नाहीतर कॅमेरा खराब आहे असं वाटून परत करायला जाल.

आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, असं लिहिलंय ते फक्त कॅमेऱ्याच्या टोकापुरतं खरं, पिनकडची बाजू ओली करायची नाही. बेडकाच्या जागेत घालण्याआधी टोक साध्या पाण्याने धुवून पुसून घ्या, स्पिरिट लावलं असेल तर ते पूर्ण उडू द्या. तिरक्या आरशाचा मला काडीचा उपयोग झाला नाही, त्यात लाइट चमकून पांढरं दिसतं नुसतं. चुंबकाने मात्र फ्रिजखालून एक चमचा निघाला जो सासूबाई चवथीपासून शोधत होत्या आणि ज्यासाठी कामवाल्या बाईवर उगाच संशय होता, तो विषय मिटला.

कुठला घ्यायचा तर कडक तारेचा घ्या, वाकवली तशी राहणारी केबल, मऊ केबल भोकातून आत गेली की मान टाकते आणि तुम्ही फक्त फरशी बघत बसता. लांबी २ मीटर पुरे, दुकानदार ५ मीटरवाला पुढे करतो पण घरात तो नुसता पायात येतो. आयफोनवाल्यांनी हा टाइप-सीवाला घेऊ नका, नवऱ्याच्या फोनवर चालला नाही, त्यांच्यासाठी वायफायवाला वेगळा मिळतो, त्यात स्वतःची बॅटरी असते आणि चित्र जरा मागून येतं, महाग पण असतो. आणि ज्यांच्याकडे जमिनीवर राहणारा पॅकमॅनसारखा बेडूक आहे त्यांनी हा घ्यायच्या आधी भिंतीच्या कडेकडेने, चपला-बुटांत आणि कुंड्यांच्या मातीत शोधा, तो चढत नाही, बहुतेक वेळा खालीच कुठेतरी सापडतो आणि हजार रुपये वाचतात.

टँकची नवी जाळी आता अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत, चारी बाजूंनी सरकत्या कड्या लावून इथल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलीय, सिंकमागचं भोक फोमने बुजवलं. जाळीचा रिव्ह्यू हा पावसाळा पूर्ण काढल्यावर टाकेन, गंज धरते का ते बघायचंय.